रस्त्याची कड आणि रस्त्याची क्षमता : रत्नागिरी–पूर्णगड मार्गाच्या निमित्ताने काही विचार

रस्त्याची क्षमता त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की त्याची फोड करून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वाहतूक तुंबू लागली की रस्ता रुंद करावा, रुंद केलेला रस्ता पुन्हा तुंबला की तो आणखी रुंद करावा, असा क्रम आपल्या नगरांत आणि आता गावांतही चालू आहे. या क्रमात एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. वाहने डांबरावरून धावत असली, तरी ती किती संख्येने व कोणत्या वेगाने धावू शकतील, हे डांबराच्या कडेला काय चालले आहे यावर बऱ्याच अंशी ठरते. कडेची दुकाने, घरांची फाटके, उभी वाहने, एस.टी.चे थांबे, पायी चालणारी माणसे, हातगाड्या आणि टपऱ्या या सर्वांचा मिळून प्रवाहास जो अडथळा होतो त्यास पार्श्वघर्षण असे म्हणता येईल. या घर्षणाचे स्वरूप कोणते, ते मोजता येते काय, आणि ज्या मार्गांची कड अद्याप पुरती भरलेली नाही त्यांच्या बाबतीत काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार रत्नागिरीहून पूर्णगडास जाणाऱ्या मार्गाच्या आधाराने येथे करावयाचा आहे.

प्रथम आकड्यांकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली सपाट प्रदेशांतील नागरी रस्त्यांच्या क्षमतेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील तक्ता या दृष्टीने अतिशय बोलका आहे. त्यात रस्त्यांचे वर्ग पाडताना रुंदीबरोबरच कडेच्या वापराचा निकष घेतला आहे. ज्या प्रमुख मार्गावर कडेच्या मिळकतींना थेट प्रवेश नाही, वाहने उभी करण्यास मुभा नाही आणि आडवी वाहतूक अत्यल्प आहे, असा दुपदरी, दुतर्फा वाहतुकीचा रस्ता तासाला १५०० मोटार-एकके वाहून नेईल असे धरले आहे. कडेच्या मिळकतींना प्रवेश आहे परंतु वाहने उभी राहत नाहीत, अशा उपप्रमुख मार्गासाठी हाच आकडा १२०० आहे. जेथे प्रवेश मुक्त आहे, वाहने कडेला उभी राहतात आणि आडवी वाहतूकही पुष्कळ आहे, अशा संकलक मार्गासाठी तो ९०० वर येतो. तिन्ही रस्त्यांची रुंदी एकच आहे. फरक आहे तो फक्त कडेचा. आणि त्या फरकाने क्षमतेचा चाळीस टक्के भाग नाहीसा होतो.

याच तक्त्यातील आणखी एक तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावी. दुभाजक नसलेला चौपदरी रस्ता जर संकलक वर्गातील असेल, म्हणजे त्याच्या दोन्ही कडा दुकानांनी व उभ्या वाहनांनी भरलेल्या असतील, तर त्याचा आकडा १८०० आहे. मोकळ्या कडेचा दुपदरी रस्ता १५०० एकके नेतो. भरलेल्या कडेचा चौपदरी रस्ता १८००. रुंदी दुपटीस गेली आणि लाभ झाला तो केवळ पाचव्या हिश्शाचा. एखादा दुपदरी मार्ग चौपदरी करताना त्याच्या कडेला वस्ती वाढू दिली, तर खर्चाचा मोठा भाग कोठे मुरतो हे यावरून ध्यानात येईल.

मोटार-एकक या संज्ञेचाही येथे खुलासा केला पाहिजे. वेगवेगळ्या वाहनांची बेरीज करता यावी म्हणून मोटारगाडीस १ धरून इतर वाहनांना तिच्या पटीत मोजतात. उपरोक्त तत्त्वांनुसार रिक्षाचे मूल्य, प्रवाहात रिक्षांचे प्रमाण ५ टक्के असता १.२ आणि १० टक्के वा त्याहून अधिक झाले असता २.० इतके धरले जाते. आकाराने मोटारीपेक्षा लहान असलेले वाहन मोटारीपेक्षा अधिक जागा ‘खाते’ असे मानण्याचे कारण तिच्या चालण्याच्या रीतीत आहे. रिक्षाचा वेग कमी, वळणे अचानक, आणि प्रवाहात तिची जागा सतत बदलती. तथापि हे मूल्य चालत्या रिक्षाचे आहे. नाक्यावर उतारूची वाट पाहत उभ्या असलेल्या रिक्षाचे मोल या तक्त्यात कोठेही नाही. ते कडेच्या वर्गीकरणात दडलेले आहे. आपल्याकडील वाहतूक-मोजणीत चालत्या वाहनांची नोंद काटेकोरपणे होते आणि थांबलेल्या वाहनांची मुळीच होत नाही, ही उणीव येथूनच सुरू होते.

आता घर्षण प्रत्यक्षात कसे घडते ते पाहू. प्रवाह म्हणजे घनता आणि वेग यांचा गुणाकार, हे समीकरण आणि वेग-घनतेचा सरळ संबंध ब्रूस ग्रीनशील्ड्स याने १९३५ साली मांडला. घनता वाढेल तसा वेग उतरतो आणि गुणाकार एका मर्यादेपर्यंत वाढून मग घसरू लागतो. कडेची हालचाल या समीकरणात दोन वाटांनी शिरते. पहिली वाट रुंदीची. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर एक टेम्पो माल उतरवण्यासाठी उभा राहिला तर सुमारे दोन मीटर जातात; उरलेल्या पाच मीटरांत समोरासमोरून येणाऱ्या दोन एस.टी. गाड्या सुखाने जाऊ शकत नाहीत. दुतर्फा रस्ता त्या ठिकाणी तेवढ्यापुरता एकतर्फी होतो आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने गाड्या सोडण्याचे काम चालकांच्या समजूतदारपणावर सोपवले जाते. दुसरी वाट सावधगिरीची. पदपथ नसलेल्या बाजारातून जाताना चालक कडेपासून दूर सरकतो, मधोमध चालतो, पाऊल ब्रेकवर ठेवतो. कोणीही आडवे आलेले नसते. येईल एवढी शंका पुरेशी असते. या दुसऱ्या प्रकारचा तोटा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चर्चेतही येत नाही.

पहिल्या प्रकाराचे गणित मात्र सहज मांडता येते. समजा, एका दिशेने मिनिटास ८ वाहने येत आहेत आणि एक टेम्पो दोन मिनिटे मार्ग अडवून उभा राहिला. तेवढ्या वेळात १६ वाहने खोळंबतील. टेम्पो हलल्यावर मिनिटास २० वाहने बाहेर पडू शकतात असे धरले, तर नवी येणारी ८ वजा जाता मिनिटास १२ या दराने रांग ओसरेल आणि सव्वा-दीड मिनिटात रस्ता पूर्ववत होईल. सर्व वाहनांचा मिळून खोळंबा सुमारे २७ वाहन-मिनिटांचा. आता येणारी वाहने दुप्पट, म्हणजे मिनिटास १६ आहेत असे समजू. टेम्पो तोच, थांबण्याचा वेळ तोच. ३२ वाहनांची रांग लागेल, ती मिनिटास फक्त ४ या दराने ओसरेल, आणि मोकळी होण्यास आठ मिनिटे घेईल. एकूण खोळंबा १६० वाहन-मिनिटे, म्हणजे सहापट. वाहतूक दुप्पट झाली आणि त्याच टेम्पोने केलेले नुकसान सहापट झाले. आणि असे सहा टेम्पो तासाभरात दहा दहा मिनिटांच्या अंतराने आले तर? एकाची रांग संपते न संपते तोच दुसरा उभा राहील आणि तो संपूर्ण तास रांगेतच जाईल. रस्ता प्रत्यक्ष अडवला गेला तो मात्र तासात बारा मिनिटेच. बाजारपेठेतील व्यापारी ‘दोन मिनिटे गाडी लावली तर काय बिघडले’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. वाहतूक विरळ होती त्या काळचा त्याचा अनुभव खराच असतो. बदललेली असते ती प्रवाहाची पातळी.

पार्श्वघर्षण मोजण्याचा सर्वांत सरळ प्रयत्न इंडोनेशियाच्या १९९७ सालच्या महामार्ग-क्षमता पुस्तिकेत आढळतो. त्या देशातील रस्ते आपल्या रस्त्यांसारखेच संमिश्र वाहतुकीचे असल्याने अमेरिकी कोष्टकांपेक्षा ते आपणांस अधिक जवळचे आहेत. रस्त्याच्या २०० मीटर लांबीत तासाभरात घडणाऱ्या घटना मोजावयाच्या आणि त्यांना भार द्यावयाचे : पादचाऱ्यास ०.५, थांबणाऱ्या किंवा उभ्या राहणाऱ्या वाहनास १.०, कडेच्या मिळकतीत शिरणाऱ्या वा तेथून बाहेर पडणाऱ्या वाहनास ०.७, आणि संथ वाहनास ०.४. बेरीज १०० च्या आत असेल तर घर्षण अत्यल्प, ३०० ते ४९९ असेल तर मध्यम, ५०० ते ८९९ असेल तर अधिक, आणि ९०० च्या पुढे अत्यधिक. एखाद्या लहान बाजारात तासाला ३०० पादचारी, ८० थांबणारी वाहने, १०० येणारी-जाणारी आणि ५० संथ वाहने कल्पिली, तर बेरीज ३२० होते, म्हणजे मध्यम. यात्रेच्या दिवशी पादचारी ९००, थांबणारी वाहने २००, येणारी-जाणारी १५० आणि संथ ६० झाली की बेरीज ७७९ वर जाते.

या वर्गाप्रमाणे क्षमतेस गुणक लावतात, आणि तेथे एक महत्त्वाची गोष्ट समोर येते. दुपदरी अविभाजित नागरी रस्त्यासाठी, घर्षण ‘अधिक’ या वर्गात असताना, साइडपट्टी अर्धा मीटर किंवा त्याहून कमी असेल तर गुणक ०.८२ आहे, तीच साइडपट्टी दोन मीटर असेल तर ०.९५. इतर गुणक बाजूस ठेवून पुस्तिकेतील २९०० एककांची मूळ क्षमता घेतली, तर हा फरक तासाला पावणेचारशे एककांच्या घरात जातो. म्हणजे माणसे तेवढीच, दुकाने तेवढीच, थांबणारी वाहने तेवढीच. त्यांना उभे राहण्यास डांबराबाहेर जागा मिळाली एवढाच बदल. कडेचा विकास आणि वाहतूक यांचे वैर अटळ आहे अशी जी समजूत आहे तिला या आकड्यांत आधार सापडत नाही. वैर आहे ते एकाच पट्ट्यावर दोन्ही कामे लादण्याशी.

अमेरिकेच्या २००० सालच्या पुस्तिकेत कडेच्या प्रवेशद्वारांचा परिणाम वेगावर कसा होतो ते दिले आहे. एक किलोमीटर लांबीत ६ प्रवेश असतील तर मुक्त वेग ताशी ४ किलोमीटरांनी घटतो, १२ असतील तर ८ ने, १८ असतील तर १२ ने आणि २४ वा अधिक असतील तर १६ ने. ज्याने कोकणातील रस्त्यालगतची वाडी पाहिली आहे त्यास किलोमीटरला चोवीस फाटके ही संख्या मुळीच मोठी वाटणार नाही.

रत्नागिरीपासून पूर्णगड सुमारे २५ किलोमीटर आहे. या लहानशा अंतरात रस्त्याची कड भरण्याच्या निरनिराळ्या अवस्था एकामागून एक पाहावयास मिळतात, म्हणून अभ्यासकास हा मार्ग सोयीचा आहे. रत्नागिरी शहरात मुख्य रस्ता मारुती मंदिराकडून माळनाका, जयस्तंभ असे टप्पे घेत बसस्थानक व बाजारपेठेकडे उतरतो. टप्प्यांची नावे नाक्यांची आहेत हे लक्षात घ्यावे. येथे कड पूर्ण भरलेली आहे. दुकान, त्यासमोर उभी दुचाकी, दुचाकीपलीकडे थांबलेली रिक्षा आणि तिला वळसा घालणारा पादचारी, असे चार थर एका ठिकाणी सापडतात. शहर सोडून काजळी नदीवरील भाट्ये पूल ओलांडला की कड मोकळी होऊ लागते. फणसोप, गोळप या भागांत कोठे जांभ्या दगडाचे गडगे रस्त्याला भिडलेले, कोठे कातळाचा उघडा सडा, कोठे आंबा-काजूच्या बागा. पुढे पावस. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे येथे भाविकांचा राबता असतो. जेथे भाविक तेथे भोजनालये, निवासाची सोय, फुला-प्रसादाची दुकाने आणि वाहनतळाची गरज ओघाने येते. पावसच्या बाजारातील रस्ता एकाच वेळी गावाचा आहे, देवस्थानाचा आहे आणि पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्यांचाही आहे.

त्यापुढे पूर्णगड. मुचकुंदी नदीच्या मुखाशी, लहानशा गडाच्या पायथ्याला वसलेले हे मच्छीमारांचे गाव महाराष्ट्र सागरी मंडळाच्या लहान बंदरांच्या यादीत आहे. ज्या काळी खाडीवर पूल नव्हता त्या काळी उत्तरेकडून येणारा प्रवासी येथे तरीसाठी थांबत असे. आता सागरी मार्ग गावाच्या हद्दीतून जाऊन पुलाने मुचकुंदी ओलांडतो आणि गावखडीकडे उतरतो. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. रस्त्याच्या शेवटी असलेल्या गावात येणारे प्रत्येक वाहन त्या गावाच्या कामाचे असते. रस्त्याच्या मध्ये असलेल्या गावातून जाणाऱ्या वाहनांपैकी बहुतेकांचा गावाशी संबंध नसतो. पहिल्या स्थितीत कडेवर थांबणे हेच वाहतुकीचे प्रयोजन होते. दुसऱ्या स्थितीत तेच थांबणे अडथळा ठरते. गावाने काहीच केलेले नाही. त्याच्या रस्त्याचा अर्थ मात्र पालटला.

रेवस ते रेडी हा सागरी मार्ग, म्हणजे प्रमुख राज्यमार्ग क्रमांक ४, सुधारण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. किनारपट्टीवरील निवडक विकासकेंद्रांसाठी याच महामंडळास २०२४ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. रस्ता बांधणारे आणि कडेच्या जमिनीचे नियोजन करणारे हात काही ठिकाणी तरी एक झाले आहेत. या योजनेचा उपयोग कोणत्या दिशेने होतो यावर पूर्णगडसारख्या गावांचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.

कारण कड भरण्याची क्रिया आपोआप घडते. तिच्यासाठी कोणी योजना आखावी लागत नाही. कोकणातील जुन्या घराला अंगण असते, पडवी असते. रस्ता चांगला झाला, गाड्या वाढल्या, की रस्त्याकडील पडवीत आधी शीतपेयांची एक पेटी येते. पुढे पडवीला शटर लागते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या मांडल्या जातात आणि त्या पाहून मुंबईची मोटार थांबते. शेजाऱ्यास हे दिसते. तो आपला गडगा फोडून गाडी आत घेण्यापुरती वाट करतो. यातील प्रत्येकाचा निर्णय त्याच्या परीने शहाणपणाचाच असतो, आणि ज्या घरातील तरुण मंडळी मुंबईस गेली आहेत त्या घरास हे उत्पन्न क्षुल्लकही नसते. परंतु रस्त्याच्या सुधारणेमुळे कडेच्या जमिनीचे मोल वाढते ते धारकास मिळते, आणि कड भरल्यामुळे रस्त्याची क्षमता घटते तो तोटा सर्व वापरणाऱ्यांत वाटला जातो. ज्याला लाभ त्याला खर्च नाही. या विषमतेमुळेच ही क्रिया स्वतःहून थांबत नाही, आणि काही वर्षांनी रस्ता पुन्हा रुंद करावा अशी मागणी होते; बहुधा त्याच कडेवरून. कोकणात यात पावसाची भर पडते. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात उघडी गटारे आणि चिखल झालेल्या साइडपट्ट्या पादचाऱ्यास चार महिने डांबरावर ढकलतात. घर्षण त्या काळात वाढते ते माणसे वाढल्यामुळे नव्हे, तर त्यांना चालण्यास दुसरी जागा न उरल्यामुळे.

रस्त्याला चिकटून लांबच लांब वाढणाऱ्या या पट्टीवस्तीचा प्रश्न जुना आहे. इंग्लंडने १९३५ साली, म्हणजे ग्रीनशील्ड्सचा निबंध आला त्याच वर्षी, पट्टीवस्तीस आळा घालणारा कायदा केला आणि वर्गीकृत रस्त्यांच्या मध्यापासून २२० फुटांपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण आणले. आपल्याकडे १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम, जो आता महाराष्ट्र महामार्ग अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याच्या उद्देशांत पट्टीवस्तीस प्रतिबंध हाच उद्देश अग्रभागी आहे. त्यात तीन रेषा कल्पिल्या आहेत : महामार्गाची सीमा, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा. या रेषा अधिसूचित झाल्यावर त्यांच्यामधील पट्ट्यांत इमारत उभारण्यास, आणि हे विशेष महत्त्वाचे आहे, महामार्गावर नवा प्रवेश काढण्यासही महामार्ग प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० सालच्या मानकांत सपाट व मोकळ्या ग्रामीण प्रदेशातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी मध्यरेषेपासून इमारत रेषेचे अंतर ४० मीटर आणि नियंत्रण रेषेचे ७५ मीटर सुचवले आहे. कायद्याची रचना करणाऱ्यांना रस्त्याच्या कडेचे महत्त्व पुरते कळले होते यात शंका नाही.

मग कड भरली कशी? एक कारण असे की रेषा आखल्या जातात त्याआधी घरे असतात. कोकणात गावठाण आणि रस्ता एकमेकांना बिलगून असतात. एका बाजूस डोंगराचा उतार, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मध्ये घर व रस्ता दोघांनाही एकच अरुंद पायरी. तेथे चाळीस मीटर मागे सरकण्यास जमीनच नसते. दुसरे कारण प्रशासनाचे. बांधकामाची परवानगी देणारे एक, रस्त्याची देखभाल करणारे दुसरे, आणि महसुलाची नोंद ठेवणारे तिसरे. प्रवेशमार्गाची परवानगी हा तिघांनाही आपला मुख्य विषय वाटत नाही.

परिणाम मुंबई–गोवा मार्गावर दिसतो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग १७ आणि २०१० च्या फेररचनेनंतर ६६ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा मार्ग चौपदरी करताना चिपळूण, कणकवली अशा ठिकाणी उड्डाणपुलांचा मार्ग पत्करावा लागला. जमिनीवरची कड इतकी भरली होती की दूर जाणाऱ्या वाहतुकीस वर उचलून नेण्याखेरीज सोयीचा पर्याय राहिला नव्हता. हा उपाय चालतो. पण नियंत्रण रेषा सांभाळण्याचा खर्च आणि खांबांवर रस्ता उभारण्याचा खर्च यांची तुलना करण्याचेही कारण नाही. बाह्यवळण मार्गाचेही तसेच आहे. गावाबाहेरून नवा रस्ता काढला आणि त्यावर प्रवेश मुक्त ठेवला, तर बाजार त्याच्या मागे जातो. आधी पेट्रोल पंप, मग धाबा, मग गाळे. काही वर्षांनी जुन्याच रस्त्याची दुसरी प्रत तयार होते.

येथवरच्या विवेचनावरून कड मोकळी करणे हेच ध्येय असावे असा कोणाचा ग्रह होईल, तर तो दूर केला पाहिजे. सर कॉलिन ब्यूकॅनन यांच्या १९६३ सालच्या नगरवाहतूक-विषयक अहवालाने एक मूलभूत भेद दाखवून दिला : काही रस्ते वाटचालीसाठी असतात आणि काही मुक्कामासाठी, दुसऱ्या प्रकारच्या रस्त्याची क्षमता वाहनांना किती जागा आहे यावर न ठरवता तेथील जीवनास किती वाहने सोसतील यावर ठरवावी. रत्नागिरीच्या राम आळीतून वाहने सावकाश जातात हा त्या आळीचा दोष म्हणता येणार नाही. बाजाराचा रस्ता तसाच असावयास हवा. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या अभ्यासात कमी वाहतुकीच्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर असलेले मित्र जड वाहतुकीच्या रस्त्यावरील रहिवाशांच्या सुमारे तिप्पट आढळले. कड रस्त्यावर परिणाम करते तसाच रस्ताही कडेवर करतो. पूर्णगडात जर रस्ता रुंद आणि वेगवान झाला आणि गाव त्याच्या दोन्ही बाजूंस राहिले, तर क्षमतेचा तक्ता उत्तम दिसेल, पण पलीकडच्या वाडीत पाण्याला किंवा शाळेला जाणारे मूल त्या तक्त्यात नसेल.

मध्यम मार्ग कोणता? माझ्या मते वाटचाल आणि मुक्काम यांची जागा शक्य तेथे वेगळी करणे, आणि जेथे ते शक्य नाही तेथे मुक्कामास झुकते माप देऊन वेग उतरवणे. सडा व बागांच्या भागांत, जेथे कड अजून मोकळी आहे, तेथे प्रत्येक मिळकतीस स्वतंत्र फाटक देण्याऐवजी एका वाडीस एक सामायिक वाट, एवढा नियम पाळला गेला तरी किलोमीटरमागे प्रवेशांची संख्या निम्म्याहून खाली राहील. एस.टी.च्या थांब्यास डांबराबाहेर खोबण, आंबा विक्रेत्यांसाठी रस्त्यापासून आत घेतलेली एकत्र जागा, पावस येथे मंदिराकडे पायी जाता येईल अशा अंतरावर वाहनतळ, आणि वस्तीच्या हद्दीत झाकलेल्या गटारावर किमान १.८ मीटर रुंदीचा पदपथ, या गोष्टी रस्त्याच्या एकूण खर्चात नगण्य आहेत. टपऱ्या हटवण्याच्या मोहिमांविषयी मात्र सावध राहावे. टपरी हटवल्याने गिऱ्हाईक हटत नाही. ते पुढच्या वळणावर थांबते. फेरीवाल्यांविषयीचा २०१४ चा केंद्रीय कायदा नगरांपुरता आहे आणि त्यात प्रभागाच्या लोकसंख्येच्या २.५ टक्के मर्यादेपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद आहे. पावस-पूर्णगडसारख्या गावांत अशी विक्रीची जागा ठरवण्याचे काम ग्रामपंचायतीलाच करावे लागेल.

या सर्व विधानांना स्थानिक मोजणीचा आधार हवा, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील हे काम आहे. रत्नागिरीच्या बाजारपेठेत एक, पावसला एक आणि पूर्णगड येथे एक, असे २०० मीटरांचे तीन तुकडे निवडावेत. प्रत्येक तुकड्यात चालत्या वाहनांबरोबर थांबणारी वाहने, त्यांच्या थांबण्याचा कालावधी, प्रवेश-निर्गम आणि पादचारी यांची दर पंधरा मिनिटांची नोंद घ्यावी. वेगाची नोंद त्याच वेळी, त्याच ठिकाणी व्हावी. ती वेगळ्या दिवशी घेतल्यास घर्षणाचा संबंध जोडता येणार नाही. मे महिन्याचा पूर्वार्ध आणि गणेशोत्सव हे दोन गर्दीचे काळ आहेत. पूर्णगडाच्या बाबतीत आणखी एक संधी आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि मासळीच्या विक्रीसाठी होणारी कडेची हालचाल त्या काळात थंडावते. ऑगस्टमध्ये पाऊस असतो, पर्यटक फारसे नसतात, रस्ता तोच असतो आणि मासळी परत येते. जुलैची आणि ऑगस्टची मोजणी, सणांचे दिवस वगळून, शेजारी शेजारी ठेवली तर बाकीच्या बहुतेक गोष्टी स्थिर राहून केवळ कडेच्या हालचालीचा परिणाम वेगळा काढता येईल.